पाव्हना उना : अमळनेरातलं माझं 'परदेशी' सत्र

माझी नात सध्या एका सत्रासाठी जर्मनीत शिकते आहे. जाताना तिने मला हा ब्लॉग काढून दिला आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही कधी गेला होतात का असं, एक्स्चेंजवर?"

म्हटलं, गेलो होतो की. अमळनेरला.

ती खूप हसली. मला मात्र त्या वेळी हसू आलं नव्हतं. गोष्ट पन्नासच्या दशकातली, मुंबई आणि गुजरात अजून एकाच राज्यात नांदत होते तेव्हाची. मी पुण्यात बी.ए.ला मराठी घेऊन वर्गात पहिला आलो होतो आणि मला एक सत्र विलायतेत काढायचं होतं. आमचे प्राध्यापक म्हणाले, "विलायतेच्या यादीत नाव हवं ना? मग आधी इथल्या इथे विद्यार्थी-विनिमयावर जाऊन दाखव. तिकडच्या प्राचार्यांचा शेरा चांगला आला तर बघू." विनिमय म्हणजे अमळनेरचा रामदास नावाचा मुलगा आमच्या घरी राहणार आणि मी त्याच्या घरी. मी लगेच हो म्हटलं. आळीत सगळ्यांना 'बाहेर शिकायला चाललोय' एवढंच सांगितलं. कुठल्या बाहेर, ते मी सांगितलं नाही.

नोव्हेंबरात निघालो. पुण्याहून कल्याण, तिथे गाडी बदलून चाळीसगाव, तिथे पुन्हा बदलून धुळे. ज्यांना जायचं आहे त्यांनी सामान कमी न्यावं. मी वळकटी आणि एक ट्रंक नेली होती, आणि ट्रंकेत शब्दकोशाचे जाडजूड खंड होते. धुळ्याला टांगेवाल्याने ट्रंक उचलली आणि लगेच खाली ठेवली.

"काय शे भाऊ यामा? लोखंड शे का?"

"शब्दकोश आहे," मी म्हणालो.

"मंग लोखंडच शे," म्हणून त्याने दोन आणे जास्त सांगितले. 'आहे'ला 'शे' म्हणणारा मनुष्य शब्दकोशाचा असा अपमान करणारच, असं मी मनाशी म्हटलं आणि पैसे दिले.

एसटी स्टँडजवळ शेवेची भाजी खाल्ली. रस्सा लालभडक, वर तेलाचा तवंग. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्या माणसाने काळजीने विचारलं तेव्हा मी त्याला घरची आठवण आल्याचं सांगितलं. तिथून एसटीने अमळनेर. रस्ता बेताचा, धूळ भरपूर, दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस. उतरलो तेव्हा माझा पांढरा सदरा त्या मातीच्याच रंगाचा झाला होता.

रामदासचे वडील नाना एका जिनिंगमध्ये कापूस पारखायचे. चिमटीत बोंड धरून ते क्षणात भाव सांगत, बाकी बोलणं कमी. बोलण्याचं खातं अक्कांकडे, म्हणजे रामदासच्या आईकडे होतं. मी दारात ट्रंक टेकवतो न टेकवतो तोच त्या आत वळून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "पाव्हना उना!"

पाहुणा उणा. मी उंबऱ्यावरच थबकलो. तिथली बोली जरा वेगळी आहे हे ऐकलं होतं, पण तोंडावर इतकं स्पष्ट? संध्याकाळी ट्रंक उघडून शब्दकोश काढला. उणा : कमी, अपुरा, न्यून असलेला. शंकेला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून परतलो, पुन्हा तेच. "पाव्हना उना, ताट करा!" तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून आलो, तरी उणाच. मग मी पाटावर ताठ बसू लागलो, आमटी भुरकणं सोडलं, जेवल्यावर ताट स्वतः उचलू लागलो. उपयोग शून्य. ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची गरम भाकरी, त्यावर तेल, बाजूला ठेचा, आणि वाढणाऱ्या अक्का अशा प्रेमाने हसत की माझा संताप आणखी वाढे. कमी लेखायचं आणि वर आग्रह करून वाढायचं!

तेराव्या दिवशी मी प्राचार्यांना लेखी अर्ज दिला. 'सदर कुटुंबात मला नित्य "उणा" असे संबोधण्यात येते, तरी योग्य ती समज देण्यात यावी.' ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासलं होतं.

प्राचार्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"जोशी, तुम्ही मराठीत पहिले आलात ना?"

"हो सर."

"'उना' म्हणजे 'आला'. पाहुणा आला, एवढंच म्हणतात त्या. तुम्ही घरी आल्याचा आनंद होतो बाईंना."

मी अर्ज परत मागितला. पण तो ज्या कारकुनाच्या हातून आत गेला होता, तो अक्कांचा भाचा होता.

त्या संध्याकाळी घरी पोचलो तर अंगणातून हाक आली नाही. अक्का दारात आल्या, पदर सावरला आणि शाळेत धडा म्हणतात तशा म्हणाल्या, "आपण आलात. बसावे." नाना तर आधीच गप्प. त्या घरात माझ्यासमोर 'शे' म्हणणं बंद झालं, आणि 'शे'शिवाय त्यांना बोलता येत नसल्यामुळे बोलणंच बंद झालं. मला हवी तशी शुद्ध मराठी मिळाली होती, दिवसाला सहा-सात वाक्यं.

मी माफी मागितली. "अक्का, माझं चुकलं. तुम्ही पहिल्यासारखं बोला ना."

"नको भाऊ," त्या म्हणाल्या. "आमनी बोली उणी शे."

म्हणजे 'उणी' हा शब्द त्यांना चांगला ठाऊक होता. मला इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती. विलायतेचा शेरा डोक्यात होताच, नाही म्हणत नाही. पण त्याहून मला ती अंगणातली हाक परत हवी होती. ती अर्ज करून मिळण्यासारखी नव्हती.

जानेवारीत नाना आणि अक्का सावद्याकडे नानांच्या एका मित्राच्या केळीच्या बागेत निघाले, भरिताचं आमंत्रण होतं. मलाही न्यायचं ठरलं; अक्कांनी तसं 'आपणही चलावे' या शब्दांत सांगितलं. अमळनेरहून जळगाव, तिथे गाडी बदलून भुसावळवरून सावदा, पुढे बैलगाडी. खान्देशात जायचं तर हिवाळ्यात जा. केळीच्या बागेत दुपारीसुद्धा गारवा असतो आणि हिरव्या-पांढऱ्या मोठाल्या वांग्यांचं भरीत त्याच दिवसांत जमतं. कपाशीच्या काटक्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, लाकडाच्या बडजीत मिरची-लसणासोबत ठेचलेली, आणि वाढायला केळीचं पान, तोडून आणलेलं. मी तीनदा घेतलं.

जेवताना अक्का यजमानीणबाईंना म्हणाल्या, "भरीत मस्त शे."

पंगतीतल्या बायका एकमेकींकडे बघून खुसुखुसु हसल्या. जळगावच्या पूर्वेला बोली निराळी, हे मला तिथे कळलं.

"शे शे काय करते व माय?" एकजण म्हणाली. "हाये म्हन, हाये!"

अक्कांचा हात पानावरच थांबला. त्यांचा चेहरा मी ओळखला. अर्जाच्या दिवशी असाच झाला होता. तीन-साडेतीन तासांच्या प्रवासात अक्का परदेशी झाल्या होत्या. मी तोंडात घास असतानाच उठलो आणि दोन महिन्यांत कानावर पडलेलं सगळं एकदम बाहेर काढलं.

"मन्ही अक्काले हासू नका! ती बठ्ठी बरोबर शे!"

अख्खी पंगत हसत सुटली, नानासुद्धा. 'बठ्ठी' म्हणजे 'सगळी' हे मला ठाऊक होतं, फक्त ते कुठे लावायचं याचा अंदाज चुकला होता. अक्का तर डोळे पुसत होत्या. "बठ्ठी शे रे भाऊ," त्या म्हणाल्या, "हात, पाय, बठ्ठी शे!" आणि त्यांनी माझ्या पानावर चौथ्यांदा भरीत वाढलं.

अमळनेरला परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून मुद्दाम हळूहळू आलो. गल्लीच्या तोंडाशी असतानाच ऐकू आलं, "पाव्हना उना!" मी उरलेलं अंतर पळत गेलो.

मार्चमध्ये शेरा मिळाला : 'विद्यार्थी हुशार. ऐकायला शिकतो आहे.' पुण्याच्या समितीला त्यातलं 'शिकतो आहे' खटकलं आणि विलायतेला दुसराच कुणी गेला. पुढे माझाही पासपोर्ट कधी निघाला नाही. वाईट वाटलं, बरेच दिवस वाटलं.

निघताना अक्कांनी शिदोरी दिली आणि ट्रंक हलकी लागते म्हणाल्या. शब्दकोश मी कॉलेजच्या वाचनालयाला देऊन टाकला होता.

पुण्याला घरी पोचलो तेव्हा दुपार होती. रामदास आदल्याच दिवशी परत गेला होता. आमच्याकडे दार उघडंच होतं. कुणी आलं म्हणून ओरडण्याची आमच्याकडे पद्धत नाही. मी उंबऱ्यावर थोडा वेळ उभा राहिलो, ट्रंक टेकवली आणि आतल्या दिशेने मीच ओरडलो, "मी उनू!"

स्वयंपाकघरातून आईचा घाबरा आवाज आला, "उणं? काय उणं पडलं रे तुला तिथे?"

"काही नाही," मी म्हणालो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.