कमलला दिलेल्या गोळ्या

अंजनाबाईंच्या हातची सुरमई न सांगता ओळखू यायची. तुकडे एकसारखे, काट्यापाशी कुठे चुरा नाही. बोरिवलीच्या मासळी बाजारात त्या आणि कमल एकाच ओट्यावर शेजारी शेजारी बसत. दोघी गोराईच्या, एकाच गल्लीतल्या. अंजनाबाईंनी साठी ओलांडलेली, कमल त्यांच्या धाकट्या बहिणीच्या वयाची. गिऱ्हाइकावरून दिवसभर भांडायच्या आणि दुपारी एकाच डब्यात जेवायच्या.

“कमलकडं नको जाऊ, बाय. तिचा हलवा माज्या नवऱ्याच्या वयाचा हाय.”

“आणि हिचे बोंबील हिच्यासारखे. नुसतं पाणी!” कमल तिकडून ओरडायची.

त्या ओट्यावर बर्फ, चहा, सुट्टे पैसे सगळं सामाईक असायचं. औषधसुद्धा. कुणाचं बोट कापलं, कुणाला ताप आला, की जिच्याकडे गोळी उरलेली असेल तिने ती द्यायची. दुखणं थांबलं की राहिलेल्या गोळ्या जपून ठेवायच्या, पुढच्या बाईला होतील म्हणून. सगळ्या घेऊन संपवणं हे त्यांच्या हिशेबात जरा आपमतलबीच होतं. आणि एकदा दिलेलं परत मागायचं नाही, ही तर तिथली रीतच.

नारळी पौर्णिमा होऊन होड्या नुकत्याच पुन्हा समुद्रात जायला लागल्या होत्या. शिंगाळा मासा साफ करताना त्याचा काटा अंजनाबाईंच्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटात गेला. शिंगाळ्याचा काटा वाईटच. बोट सुजलं, ठणकायला लागलं, तेव्हा मुलगा प्रज्योत त्यांना जवळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं आणि अँटिबायोटिकच्या गोळ्या लिहून दिल्या. “बरं वाटलं तरी सगळ्या संपवायच्या. मधेच सोडायच्या नाहीत. आणि दुखणं वाढलं तर लगेच या,” असं बजावलं.

गोळ्यांनी गुण आला. सूज उतरली, बोट वाकायला लागलं. त्याच सुमारास कोलंबी सोलताना कमलच्या अंगठ्याला टोचलं आणि अंगठा लाल झाला. अंजनाबाईंनी पिशवीतून उरलेलं पाकीट काढून तिच्या मांडीवर टाकलं.

“घे. मला आता गरज नाय.”

हे सगळं मला, त्यांच्या वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकाला, नंतर कळलं. काही दिवसांनी बाजारात गेले तेव्हा मला दिसला तो फक्त त्यांचा फडकं गुंडाळलेला हात. तुकडे वेडेवाकडे पडत होते, म्हणून मी फडकं सोडायला लावलं. बोट काळपट, चकाकत होतं आणि मनगटाकडे एक लाल रेघ चढलेली.

“अंजनाबाई, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला.”

“जाते गो. एवढा माल संपू दे.”

“गोळ्या घेताय ना?”

“घेते की.” आणि त्या सुरमईवर पाणी मारायला वळल्या.

त्या गेल्या नाहीत. डॉक्टर विचारतील, गोळ्या कुठायत, मग काय सांगायचं? म्हणून घरी हळदीचा लेप लावत राहिल्या, गरम पाण्यात हात बुडवत राहिल्या. कमलकडून गोळ्या मागून घेणं त्यांच्या मनातही आलं नाही. शेवटी एका सकाळी थंडी वाजून इतका ताप भरला, की प्रज्योतने त्यांना रिक्षात घालून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. त्याचा मला फोन आला, “काकी, आई तुमचं नाव घेते. डॉक्टरांचं बोलणं तुम्ही ऐका जरा, मला काय सुधरत नाय.”

मी पोचले तेव्हा कमल आधीच दारात उभी होती. तरुण डॉक्टरीणबाई हात तपासत होत्या.

“आजी, आधीच्या गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या?”

“घेतल्या,” अंजनाबाई म्हणाल्या.

“खोटं सांगते ती.” कमलने कमरेची चंची सोडली आणि पाकीट पुढे धरलं. बहुतेक गोळ्या तशाच होत्या. “मी दोनच खाल्ल्या. मग अंगठा आपसूक उतरला. मी जपून ठेवल्या, हिला नायतर आणखी कुणाला लागतील म्हणून. हिने एकदा तोंडातून शब्द काढला असता तर...”

“गप बस, कमल.”

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या, “सूज उतरली म्हणजे आतले जंतू संपले असं नसतं. आणि पुन्हा ठणकायला लागलं तेव्हाच यायला हवं होतं. कमलताई, तुम्हालाही दुसऱ्याची गोळी महागात पडली असती. एखाद्याला चालत नाही, अंगावर पुरळ येतं, श्वास अडकतो.” मग प्रज्योतला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, की पू हाडापर्यंत गेलाय, शेजारच्या बोटातही उतरलाय. हात वाचवायचा असेल तर दोन बोटं काढावी लागतील.

“मासळी कापायला कोयत्यावर बसता येईल का?” अंजनाबाईंनी खाटेवरूनच विचारलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी सहीचा कागद प्रज्योतपुढे धरला.

दोन बोटं गेली, हात वाचला. बरा झाल्यावर त्या ओट्यावर परतल्या, आणि गिऱ्हाइकं सवयीने त्यांच्याच समोर थांबायची. सुरमई हातातून निसटायची. एकदा एका बाईने चुचकारून म्हटलं, “राहू द्या मावशी, मी घरी कापेन.” दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. त्यांची जागा रिकामीच असते, कमल तिथे कुणाला टोपली ठेवू देत नाही. ती आता भांडतही नाही, भाव सांगते आणि तोलते.

परवा मी गोराईला जाऊन आले. अंजनाबाई पडवीत बसल्या होत्या, उजवा हात पदराखाली. माझ्या नातीची चौकशी केली, मासळी महागली म्हणाल्या, हाताबद्दल चकार शब्द नाही. तेवढ्यात बाजारातून कमल आली. पाटी खाली ठेवून, हात धुऊन, काही न बोलता त्यांच्या मागे जाऊन बसली, आणि तेल लावून केस विंचरायला लागली.

“वढ जरा. कुजलेल्या म्हावऱ्याला हात लावल्यासारकी काय करतेस?”

कमलने ओढलं नाही. केसांचा पेड हातात धरून ती तशीच थांबली आणि तिचे खांदे हलायला लागले. अंजनाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही.

“बांध गो,” त्या हळूच म्हणाल्या, “मला आता अंबाडा नाय घालता येत.”