झिलईमामांचं मशीन

झिलईमामांच्या घरात आरसा नव्हता. मिशी कातरायची झाली की ते कात्री घेऊन अंगणात यायचे आणि आदल्या दिवशी पॉलिश केलेल्या मोटारीच्या मडगार्डासमोर उकिडवे बसायचे. मिशीचा केस न् केस वेगळा दिसला तर काम पास. दोन केस एकमेकांत मिसळलेले दिसले, की कात्री खाली आणि फडकं हातात. मग मिशी अर्धवट कातरलेली तशीच राहायची, कधी कधी दोन दोन दिवस. त्यामुळे दारातल्या गाडीचं काम कुठवर आलंय हे गावाला मामांच्या तोंडाकडे बघूनच कळायचं.

आमचं गाव चौक, खालापूर तालुक्यातलं, मुंबई-पुणे रस्त्यावरचं. माथेरानच्या डोंगरावर मोटार चालत नाही. म्हणून काही हौशी मंडळी गाडी आमच्या गावात ठेवायची, पायी नाहीतर घोड्यावरून वर जायची आणि दोन-तीन दिवसांनी उतरायची. तेवढ्या अवधीत मामा त्यांची गाडी झळझळीत करून ठेवायचे. खरं नाव त्यांच्या रेशनकार्डावर असेल, मी कधी वाचलं नाही. मी शेजारच्या भाताच्या गिरणीत ऑइल इंजिन चालवायचो. वय तेवीस, इंग्रजी तीन इयत्ता झालेली, त्यामुळे डोक्यात बऱ्यापैकी वारं होतं. मामा मला इंजीनराव म्हणायचे आणि मला ते खरंच वाटायचं.

मुंबईत मोटारींच्या एका कारखान्यात मामांनी वीस वर्षं रंग घासला होता. लढाईच्या धास्तीनं मुंबई रिकामी झाली तेव्हा बायकोला घेऊन गावी आले आणि इथंच रमले. मेण, रॉकेल आणि तुसाची वस्त्रगाळ राख असं काहीतरी कालवून ते स्वतःचं पॉलिश करायचे. त्याचा वास त्यांच्या आंघोळीनंतरही जायचा नाही. "रंग आत असतोच रं," ते म्हणायचे. "आपुन फकस्त वरचं मेलेलं काढायचं." हे वाक्य ते माणसांनाही लावायचे. आमचा गिरणीमालक शेट एक नंबरचा चिक्कू. त्याच्याबद्दल मी कुरकुर केली की मामा म्हणायचे, "शेट आतून बरा हाय. वरचं निघाया पायजे."

लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी मामांचा उजवा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. सदरा मामी अंगात घालून द्यायच्या. वैद्यानं बजावलं, घासणं सोडा, नाहीतर हात कायमचा जाईल. मूल म्हणाल तर एकच मुलगी, पनवेलला दिलेली. जावई भला माणूस होता. "इकडं या, दोन भाकऱ्या जड नाहीत," असा निरोप त्यानं दोनदा धाडला. पण मुलीच्या घरचं पाणी प्यायलाही मामा अवघडायचे. "लेकीकडं पावना म्हनून जावं. भाकरीला नाय," एवढंच म्हणाले. म्हणजे आता एकच वाट उरली होती. घासायचं काम करणारं एखादं मशीन घ्यायचं आणि खांद्याला सुट्टी द्यायची. जवळ शंभर रुपये होते. त्या शंभरात मामींची विकलेली म्हैस होती.

मशीन निवडायचे मामांचे दोन नियम होते. पहिला, मशीन हातात उचलून धरायचं आणि विडी पेटवायची. विडी संपेपर्यंत धरवलं तर आपलं, नाहीतर दुसऱ्याचं. दुसरा, मशीनचा जो भाग रंगाला लागणार तो आधी आपल्या गालावर फिरवायचा. "गालाला लागंल ते रंगालाबी लागंल." कल्याणला लष्करी सामानाची विक्री निघाली तेव्हा आम्ही दोघं गेलो. तिथं विजेचं एक पॉलिश मशीन होतं, चांगलं जाडजूड. मामांनी ते उचललं. विडी निम्मी व्हायच्या आत त्यांच्या कपाळावर घाम आला. विकणारा म्हणाला, "अस्सल विलायती आहे, मामा." मामांनी ते हळूच खाली ठेवलं. "विलायती हाय ते खरं. पन खांदा हितला हाय." शिवाय आमच्याकडे वीज कुठली? खोपोलीला तयार झालेली वीज तारांवरून आमच्या शिवारावरून मुंबईला जायची. परतताना मामा त्या तारांकडे बघून म्हणाले, "हिला चौकाला जरा उतर म्हनावं."

शेवटी मी शहाणपणा केला. मुंबईच्या एका यंत्रविक्याचा पत्ता मिळवला आणि त्याला इंग्रजीत पत्र लिहिलं. जुनं पण चालतं पॉलिश मशीन हवं, वीज नको, चामडं मऊ हवं, किंमत कमीत कमी. लढाई संपली तरी कागद मिळायची मारामार होती, म्हणून गिरणीच्या छापील कागदावर लिहिलं. वर टपोऱ्या अक्षरांत गिरणीचं नाव होतं, ते तसंच राहू दिलं. उलट मनात म्हटलं, तेवढंच वजन पडेल. आठवड्याभरात उत्तर आलं. अगदी आम्हाला हवं तसं मशीन आहे, चामडं उत्तम, नव्वद रुपये पाठवा. मामांनी मनिऑर्डर केली आणि त्या दिवशी गाडी नसतानाही मिशी कातरून घेतली, माझ्या टिफिनच्या झाकणात बघून.

खोका रेल्वेनं कर्जतला आला. तिथून बैलगाडीनं चौकला. मामा गाडीत खोक्यावरच बसून आले, वाटेत भेटेल त्याला रामराम करत. अर्धं गाव जमलं. फळ्या उचकटल्या आणि आतलं बाहेर निघालं. तारेच्या जाळीचा पिंजरा आणि आत चामड्याच्या पट्ट्या लावलेला मोठा शंकू. तांदूळ पॉलिश करायचं मशीन. आमच्या गिरणीत हुबेहूब तसंच होतं. रोज त्याच्या शेजारी बसून मी भाकरी खायचो, आणि त्यालाही पॉलिश मशीनच म्हणतात हे पत्र लिहिताना माझ्या टाळक्यात आलं नव्हतं. भाताच्या मुलखातून, भाताच्या गिरणीच्या कागदावर कुणी पॉलिश मशीन मागितलं तर त्या बिचाऱ्यानं दुसरं काय पाठवायचं?

शेट पोट धरून हसला. "काय मामा, मोटारी सोडून भात सडायचा इचार हाय का?" धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं. मी कबूल करायला तोंड उघडलं, तोच मामा बोलले. "मीच सांगितलं व्हतं पोराला, चामडं मऊ असलेलं मागव म्हनून." त्यांनी पिंजऱ्यात हात घालून एक पट्टी सोडवली आणि शांतपणे गालावर फिरवली. "बेस हाय. शेट, चामडं मला, लोखंड तुमाला. बोला काय देता." गिरणीच्या मशीनची जाळी झिजली होती आणि नवी कुठं मिळत नव्हती, हे मामांना पक्कं ठाऊक होतं. शेटनं साठ रुपये दिले. आमच्या शेटनं, साठ. मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो.

लोक पांगल्यावर मी मामांसमोर उभा राहिलो. मामा म्हणाले, "पत्राचं अक्षर लई सुरेख व्हतं, इंजीनराव." मग मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही. मला कुणी एवढं सांभाळून घेतलं नव्हतं, माझ्या बापानंही नाही.

त्यानंतरचे तीन रविवार मी सायकलवर काढले. नेरळला माथेरानच्या एका घोडेवाल्याकडे कोपऱ्यात पडलेलं एक यंत्र दिसलं. घोड्याचे केस कापायचं. त्यानंही ते लष्करी विक्रीतूनच आणलेलं. तिवईवर चाक, चाकाला हँडल, आणि चाकातून निघालेली सापासारखी वळणारी लांब नळी. हँडल फिरवलं की नळीच्या आतली तार फिरायची आणि टोकाची कात्री चालायची. तिच्या आवाजानं घोडे लाथा झाडायचे, म्हणून ते तसंच पडून होतं. वीज नको, इंजिन नको. दुसऱ्या दिवशी मामांना घेऊन गेलो. त्यांनी नळीचं टोक हातात धरून विडी पेटवली. विडी संपली. त्यांनी दुसरी पेटवली. "ही कशाला?" मी विचारलं. "ही चवीसाठी," मामा म्हणाले. साठ रुपयांतून यंत्र आलं आणि वर दोन रुपये उरले.

कात्री काढून टाकली. सुतारानं लाकडाची तबकडी करून दिली, तिच्यावर घोंगडीचा तुकडा आणि त्यावर तांदळाच्या मशीनचं चामडं मामींनी शिवलं. हँडल कोण फिरवणार, याचा आम्ही दोघांनी विचारच केला नव्हता. मामी पदर खोचून पुढं आल्या. "जल्मभर जातं फिरवलंया. ह्ये काय जड हाय?" हँडल फिरू लागलं, तबकडी गुणगुणू लागली आणि मामांनी ती एका डॉक्टरच्या जुन्या काळ्या मोटारीच्या बॉनेटवर टेकवली. दुपारपर्यंत त्या बॉनेटमध्ये माथेरानचा डोंगर दिसायला लागला. मामांनी डोंगर बघितला नाही, मिशी बघितली.

वर्षभरानं एकदा दुपारी इंजिन बंद पडलं म्हणून मी अवेळी त्यांच्याकडे गेलो, तर उलटंच दृश्य. मामा तिवईपाशी बसून डाव्या हातानं हँडल फिरवतायत आणि मामी तबकडी घेऊन दरवाज्याला झिलई आणतायत. मला बघून मामा चोरी पकडल्यासारखे हसले. "गिऱ्हाइकाला बोलू नको. बाईमानसानं मोटार घासली म्हनून पळंल." मग विडी दातांत धरून अभिमानानं म्हणाले, "पन तिचा हात बघ रं. माझा हात रगडायचा, हिचा सारवायचा. मी वीस वर्षांत शिकलो, ते ही अंगन सारवून शिकलेली." गिऱ्हाईक समोर असलं की जागा बदलायच्या, ते डोंगरावर गेलं की पुन्हा बदलायच्या. रस्त्यावरचे लोक मामांच्या हाताचं कौतुक करत राहिले आणि मामा मान खाली घालून ते ऐकत राहिले.

यंत्र आल्यानंतरच्या तिसऱ्या श्रावणात तापाचं निमित्त झालं आणि मामा आठ दिवसांत गेले. मला आजही त्या आठ दिवसांबद्दल लिहावंसं वाटत नाही. दिवस-कार्य झाल्यावर मामींना न्यायला पनवेलहून जावई आला. मामींचं गाठोडं बांधून ओट्यावर ठेवलं होतं. अंगणात एक हिरवी मोटार होती, एका बाजूनं चकचकीत, दुसऱ्या बाजूनं मळकट. मालक आदल्या दिवशी डोंगरावर गेला होता आणि हँडल मी फिरवलं होतं. मामा नाहीत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"चला, मामी," जावई म्हणाला.

"अर्धी गाडी टाकून कशी येऊ, जावईबापू?"

"पण आता ती घासणार कोण?"

मामींनी पदर खोचला, तबकडी उचलली आणि मळकट दरवाज्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. हँडलापाशी जाण्यासाठी मी ओट्यावरून उतरलो, पण जावई माझ्या आधी पोचला. त्यानं बाह्या वर सारल्या आणि मामांच्या जागेवर बसला.

"सावकास फिरवा," मामी म्हणाल्या. "घाई केली की रंग जळतो."

संध्याकाळच्या मोटारीनं जावई एकटाच पनवेलला परत गेला. त्याच्या तळहाताला फोड आले होते. मामी ओट्यावर बसून गाठोड्याची गाठ सोडत होत्या.