फवारणीनंतरचे मासे

तंजावूरहून मोपेडवर मी त्या गावात शिरले, तेव्हा एक आजी दाराशी बसून मरळ माशाला हळद चोळत होती. आत तिची सून, ओली बाळंतीण. कावेरीकाठच्या त्या खेड्यांत बाळंतिणीला दूध यावं म्हणून शेतातल्या पाटात मिळणारा मरळ देतात. मी आरोग्य खात्यात होते, आणि त्याच पाटाच्या वरच्या अंगाला भातावर फवारणी चाललेली मला येताना दिसली होती.

"पाट्टी, कुठे मिळाला हा?" मी आजीला विचारलं.

"हातानंच धरला. पाण्यावर सुस्त पडला होता. देवच पावला."

"देव नव्हे, औषध. बाळाच्या पोटात जाईल ते."

"म्हणून तर हळद लावतेय. वर मीठ, चिंच. त्यापुढे कसलं विष टिकतंय? तुम्ही तंजावूरच्या राजवाड्याकडच्या बायका, मासा कधी हातात धरलाय का?"

धरला नव्हता. आमच्या मराठी घरात मासा सोडाच, एकादशीला कांदासुद्धा चालत नसे. तरी मी हात पुढे केला. गावतळ्यातला दुसरा आणून देते म्हटल्यावर तिनं तो सोडला. पण रोज कुणाच्या हातातून मासा काढून घेणार?

फवारणीच्या औषधांच्या रंगीत बाटल्यांची दुकानं तेव्हा तालुक्याच्या रस्त्यावर भराभर उघडत होती, टीव्हीवर त्यांच्या जाहिराती लागत. आम्ही रेशन दुकानावर पत्रकं चिकटवली होती, उपयोग शून्य. फवारणारे एका वस्तीत, मासे धरणारे दुसरीत. फवारणी झाली हे खालच्या वस्तीला माशांवरूनच कळायचं.

म्हणून मी आधी यादी केली: कोण फवारतं, कुणाचं पाणी कुठल्या पाटात उतरतं, मासे कोण धरतं. त्या सगळ्यांना आजीच्या ओट्यावर बोलावलं. चहा माझा.

एक शेतकरी भडकला. "फवारलं की दवंडी पिटू? माझ्या शेताचं लग्न आहे का?"

"पिटा की," मासे धरणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "जेवायलाच येतो आम्ही."

हशा झाला. आजीनं भर घातली, "या अम्माचं ऐकाल तर पाटाला देवी आल्यात म्हणायचं!"

गोवर-कांजिण्या झाल्या की तिकडेही देवी आली म्हणतात. दाराला कडुलिंब लावतात आणि त्या घरात मासा शिजत नाही. अक्षर न येणाऱ्यालाही ते पान कळतं.

"तसंच करू," मी म्हटलं. "देवी आली म्हणायचं नाही, फवारलंय असंच सांगायचं. पण पाटाच्या दाराला डहाळी बांधायची."

"विषाला देवीचं पान?" कुणीतरी कुरकुरलं.

तेवढ्यात दाराआडून सुनेचा आवाज आला. "बांधा. मी काय खातेय ते मला कळू दे."

थोरांपुढे ती बोलली म्हणून सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. आजीनं आत पाहिलं, मग शेतकऱ्याकडे. "ऐकलंत ना? बांधा."

बाकीचं मी तिथल्या तिथे ठरवून घेतलं. ज्यानं फवारलं त्यानंच डहाळी बांधायची. कृषी अधिकारी सांगतील तितके दिवस ती ठेवायची, सुकली तर नवी लावायची. तोवर गावतळ्यातला मासा आधी बाळंतिणींच्या घरी. तळ्यात शेतांचं पाणी उतरत नव्हतं, हे मी काठाकाठानं चालून पाहून आले होते.

पुढच्या फवारणीला मुद्दाम गेले. डहाळी होती. खाली पाण्यावर माशांची पांढरी पोटं, आणि टोपली घेऊन एकजण गुडघाभर पाण्यात. काठावरून आजी ओरडत होती.

"अरे, पानं दिसत नाहीत?"

"एकच घेतो, अम्मा. मोठा आहे!"

"मोठाच घे. तेराव्याला पुरेल!"

त्यानं शिव्या देत काठावर टोपली उपडी केली. कावळ्यांनी उचलू नयेत म्हणून मी ते मासे त्याच्याकडूनच पुरून घेतले. आजी तळ्याकडे निघाली, तिथला मरळ बेचव असतो अशी तक्रार करत.

मी मोपेड खालच्या गावाकडे वळवली. पाट तिथंही जात होता.