केसपेपर न वाचणाऱ्या नर्सबाई

पौडच्या दवाखान्यात मी केसपेपर लिहायचो, तेव्हाच्या या नर्सबाई. निम्म्या बायकांच्या कागदावर मी 'कंबरदुखी' लिहायचो. नवऱ्याजवळ जाताना दुखतं, हे माझ्यासारख्या बाप्याला कोण सांगणार? नर्सबाई तो कागद बघायच्याच नाहीत. दार ओढून घ्यायच्या आणि यष्टी स्टँडपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "कंबर दुखतीया का नवरा?"

एकदा एक सासू लेकाला आणि बाळंतीण सुनेला घेऊन आली. सून नवऱ्याला जवळ येऊ देत नव्हती; सासूच्या मते बाहेरची बाधा. बाईंनी सुनेला आत तपासलं आणि बाहेर येऊन बाकावरच्या नवऱ्यालाच फैलावर घेतलं.

"टाकं अजून ठणकत्यात तिचं. अंगावर पाजतीया, आतून कोरडी पडलीया. बरी हुईस्तवर लांब ऱ्हा. मंग बी घाई न्हाई. बैलाला जुपायच्या आदी पाठीवरनं हात फिरवतोस ना? तिच्या फिरवलास कदी?"

तो चपलांकडे बघत राहिला. मी पेनातली शाई संपल्याचं नाटक केलं. सासू मात्र पदर तोंडाला लावून खुदखुदली, आणि मग तिनं पदर खाली घेतला.

"तुझ्या बापाला असं सांगाया," ती लेकाला म्हणाली, "कुनीच नव्हतं."