दिवाळीपासून होळीपर्यंतचं पळणं

आमच्या घरात काशाची वाटी एकच. माझ्या आईने लग्नात दिलेली. तिच्या बुडाला तूप लावून तळपाय घासायचे, अंगातली उष्णता उतरते. जळगावकडून भोपाळला आले तेव्हापासून रोज संध्याकाळी मी आमच्या ह्यांचे पाय घासत आले. कारखान्यात भट्टीपाशी उभं राहायचं काम होतं त्यांचं. रिटायर झाले तरी सवय गेली नाही. पाय पुढे करून बसायचे आणि बातम्या ऐकायचे.

मागच्या दिवाळीपासून ती वाटी मुलाच्या पायाला लागली.

मुलगा एकुलता. चाळिशी उलटली. बायको सोडून गेली, पोरबाळ नाही. घरीच कॉम्प्युटरवर काम करतो, दुपारपासून रात्रीपर्यंत. ती गेल्यावर पळायला लागला. आधी साकेत नगरच्या पार्कात, मग पार तलावापर्यंत. मग एकदा म्हणाला, "आई, आता मॅरेथॉन पळणार. बेचाळीस किलोमीटर."

मी म्हटलं, "तिकडे बस जात नाही का?"

हे इतके हसले की ठसका लागला. मी रागावले नाही. मला खरंच कळलं नव्हतं.

पण त्याला एकदा पळायचं नव्हतं. दिवाळीच्या पाडव्यापासून होळीपर्यंत रोज पळायचं होतं, रोज बेचाळीस किलोमीटर, एकही दिवस खाडा नाही. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाला, "जमतं का बघायचंय." दुसऱ्या कुणाच्या घरात हे एवढ्यावरच राहिलं असतं. आमच्या ह्यांना ते पटेना. म्हणाले, "नुसतं तोंडाने बोलून होत नाही. संकल्प कर." मग पाडव्याला त्याला देवापुढे बसवलं, तळहातावर पाणी दिलं, स्वतः मंत्र म्हटला आणि पाणी ताम्हनात सोडायला लावलं. पळण्याचं व्रत झालं. ह्यांच्या वडिलांनी एकदा घरातला ठरलेला सत्यनारायण टळला म्हणून अन्न सोडलं होतं. तशा घरातली ही माणसं.

पहाटे चारला तो निघायचा. दारात उभा राहून "येतो बाबा" म्हणायचा, तोपर्यंत हे अंथरुणात जागे. दहाच्या सुमाराला परत यायचा तेव्हा कपाळावर मिठाची पांढरी रेघ. पायाच्या बोटांची नखं काळी पडली, मग गळाली. जेवायचा दोन माणसांचं आणि तिथेच भिंतीला टेकून झोपायचा. संध्याकाळी मी वाटी घेतली की हे पाय आखडून घ्यायचे. "माझे राहू दे. त्याचे घास." मी घासायची. तूप काळं व्हायचं, तर हे कौतुकाने बघायचे, जशी काही मिळवून आणलेली वस्तू.

दत्तजयंतीच्या आसपासची गोष्ट. सकाळी हे न्हाणीघरात पडले. मी हाक मारली तर तोंड वाकडं, उजवी बाजू सगळी गेलेली. मुलगा तेव्हा कुठेतरी भदभद्याच्या धरणाकडे पळत होता. फोन लागला पण उचलला नाही, पळताना उचलत नसे. शेजारच्या भाभी आणि त्यांच्या नवऱ्याने गाडीत घातलं. हॉस्पिटल जवळच, म्हणून वाचले.

तो तिथे पोचला तसाच, घामात. खाटेपाशी बसला, बूट काढले आणि बाजूला ठेवले. म्हणाला, "बाबा, बस झालं आता. मी थांबवतो."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

ह्यांनी डावा हात हलवला. शब्द धड निघत नव्हता. "पाणी... सोडलंय," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "आजचं... राहिलं. जा."

मुलाने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, जाऊ नको हे सांगायची वेळ माझ्यावर यायलाच नको, त्याचं त्याला कळेल. त्याने खाली वाकून बूट घातले.

घरी आणलं तेव्हा डॉक्टरने समजावलं होतं. पहिले तीन महिने काय ते खरे. रोज उभं करा, दोन्हीकडून धरून चालवा, तर काठी घेऊन का होईना, चालतील. नाही केलं तर पाय आखडेल. मग काही नाही. म्हणजे काय, होळीपर्यंतच. तेवढंच मला धरून ठेवायचं होतं. ह्यांनी स्वतःच्या पायाने न्हाणीघरापर्यंत जावं, बाकी मला काही नको होतं.

फिजिओवाली मुलगी सकाळी सातला यायची, नंतर तिची हॉस्पिटलची ड्यूटी. काडीसारखी पोरगी. एका बाजूने ती धरणार, दुसऱ्या बाजूने कुणी दणकट हवं. हे अंगाने भारी. पहिल्या दिवशी मी धरलं. तिघंही खाटेवर पडलो, मी खाली, हे वर. ती घाबरली. ह्यांना त्यातही हसू आलं, अर्ध्या तोंडाने. मी म्हटलं, "हसा. उठवणार कोण आहे आता?"

माझी कंबर त्या दिवशी गेली ती गेलीच.

हॉस्पिटलमधला एक माणूस पैसे देऊन लावला. ह्यांनी त्याला अंगाला हात लावू दिला नाही. "परका नको," म्हणायचे. दोनदा त्याला ढकललं, तर तो यायचा बंद झाला. आणि घरातला दणकट माणूस त्या वेळी तलावाच्या रस्त्याने पळत होता.

मी त्याला म्हटलं, "साताला घरी राहा. त्यांना उभं कर, मग जा."

"आई, सहा तास लागतात. बाराला मला कामावर बसायचं असतं."

"मग एक दिवसाआड पळ."

"मग ते रोज नाही झालं."

"संध्याकाळी तरी धर."

संध्याकाळी त्याने धरलंही एकदा. ह्यांच्या काखेत हात घालून उठवायला गेला तर त्याच्याच मांड्या थरथरायला लागल्या. पाय सगळे संपवून आलेला. ह्यांना घेऊनच खाली बसला. मग म्हणाला, "होळीनंतर मी आहेच की, आई."

"होळीनंतर त्यांचा पाय राहील का?"

"बाबांनाच विचार."

त्यांना काय विचारायचं. खाटेवरून म्हणाले, "तू... मधे पडू नको." चौथी शिकलेल्या बाईने मधे पडायचं नसतं, हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. मी वाटी घेतली आणि मुलाचे पाय घासले.

फिजिओवाली खाटेवरच ह्यांचा पाय वर-खाली करायची. उभं करायला कुणी नाही. संक्रांत गेली. गुडघा सरळ होईनासा झाला. ती दाबायची, हे डोळे मिटून घ्यायचे. शेजारची भाभी रोज विचारायची, "दीदी, आज कितना भागा? शेर है आपका बेटा." मी म्हणायची, हो.

होळीच्या दिवशी त्याची पळणारी मंडळी त्याला ढोल वाजवत दारापर्यंत घेऊन आली. अरेरा कॉलनीतली, चांगल्या घरची माणसं, सगळ्यांचे एकासारखे एक टीशर्ट. "माँ कहाँ हैं, माँ को बुलाओ." मी तबक घेऊन गेले, कुंकू लावलं, ओवाळलं. करायचं ते केलं. ह्यांना खुर्चीत बसवून पुढे आणलं होतं. मुलाने गळ्यातलं मेडल काढून ह्यांच्या गळ्यात घातलं. लोक रडले, फोटो काढले. हेही रडले. त्या गडबडीत ह्यांचं लुगडं ओलं झालेलं मला दिसलं. ते पायजमा घालायचे बंद झाले होते, मीच माझं जुनं गुंडाळायची. मी खुर्ची मागे फिरवली. एकजण म्हणाला, "बस एक और फोटो, माताजी." मी थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी तो सवयीने चारलाच उठला, पण गेला नाही. साताला फिजिओवाली आली तर म्हणाला, "आजपासून मी धरतो बाबांना." आणि धरलं की. एका हाताने उचलले, लहान मुलासारखे. ह्यांचा डावा पाय जमिनीला टेकला. उजवा वाकलेलाच राहिला, अधांतरी. तिने दाबून बघितलं, पुन्हा बघितलं. मग माझ्याकडे वळली, मुलाकडे नाही.

"आंटी, अब कुर्सी ही ठीक रहेगी."

मुलगा तसाच धरून उभा. हे त्याच्या खांद्याला टेकून म्हणाले, "पूर्ण झालं ना पण?"

"झालं, बाबा."

आता गुढीपाडवा होऊन गेला. तो परत पळतो, थोडंच म्हणतो, आठला घरी असतो. मेडल देवघरात ताम्हनाशेजारी आहे, ह्यांनीच ठेवायला लावलं. संध्याकाळी वाटी मी पुन्हा ह्यांच्या पायाला लावते. उजव्या पायाला काही कळत नाही, तरी घासते. परवा मुलाने आपला पाय पुढे केला, "आई, जरा माझाही." हे म्हणाले, "घास त्याचा."

मी वाटी धुऊन फळीवर ठेवली आणि कणीक मळायला घेतली.