मुहूर्तमेढीवरची लाल फुली

मला परांची तपासायचा अधिकार कुणीही दिलेला नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण प्रत्येक कामावर पहिला प्रश्न तोच येतो. "तुला कुणी पाठवलं?" कुणी नाही. इमारतीला बाहेरून बांबू बांधून, त्यावर फळ्या टाकून गवंड्याला उभं राहायला जागा करतात, ती परांची. ती पडली की वरचा माणूस पडतो. हे कळायला अधिकार लागत नाही, डोळे लागतात. बांधकाम मजुरांच्या आमच्या संघटनेनं शिबिर घेतलं, त्यात बांबू वाजवून कसा बघायचा, गाठ ओढून कशी बघायची हे शिकवलं, आणि मी लाल रंगाचा डबा नि ब्रश पिशवीत घालून हिंडायला लागले. किडलेला, चिरलेला बांबू दिसला की त्यावर फुली मारायची आणि तो उतरेपर्यंत तिथून हलायचं नाही. "तळं दिसणाऱ्या बंगल्यावर चढणाऱ्याला जमीन जास्त दिसते" हे वाक्य आमच्या पत्रकात होतं. मीच लिहिलं होतं. सगळ्यांनी काढा म्हणून सांगितलं, मी काढलं नाही.

तर लोणावळ्याजवळ तुंगार्लीला तळ्याच्या वरच्या अंगाला एका बंगल्याचा गिलावा चालला होता. मालक मुंबईचा, परांची पवनानगरच्या मांडववाल्याची. यात नवल काही नाही. आमच्या मावळात बांबू ज्याच्याकडे, परांची त्याची आणि लग्नाचा मांडवही त्याचाच. माणूस तोच, काथ्या तोच, गाठ तीच. मांडवाला वरून गुलाबी कापड लागतं, एवढाच फरक.

मी पोचले तेव्हा एक उभा बांबू चिखलात रुतू नये म्हणून रंगाच्या रिकाम्या डब्यात उभा केलेला होता. डब्यावर हसऱ्या कुटुंबाचं चित्र. वर एक गवंडी, आणि घमेलं घेतलेली एक मावशी. मी बांबूवर टिचकी मारली. चांगला बांबू टणटण बोलतो. हा धप् म्हणाला आणि पेरातून पिवळसर पीठ गळलं. आत कीड लागली होती.

मांडववाले भाऊ डोक्यावर पांढरी टोपी घालून सिमेंटच्या पोत्यावर बसले होते.

"भाऊ, हा बांबू किडलाय."

"किडला न्हाई, जुना झालाय. तुजा आजा जुना झाला म्हणून त्याला कुनी काढून टाकला व्हता व्हय?"

"माझ्या आज्यावर कुणी घमेलं घेऊन चढत नव्हतं."

"तुला काय म्हाईत? लय चढलेत."

वरून गवंडी हसला. मला हसू आलं नाही. मी ब्रश काढला आणि डोक्याच्या उंचीवर, ओल्या लाल रंगाची अशी फुली मारली की तळ्यापलीकडून दिसावी. आणखी काही बांबूंवर मारल्या. मालकाला व्हिडिओ पाठवला. त्याच्याकडे शनिवारी पाहुणे यायचे होते. परांचीवरून कुणी पडलेलं पाहुण्यांना आवडत नाही, हे त्याला लगेच पटलं. त्याचा फोन आला आणि भाऊंनी हात जोडले.

"उद्या चांगलं बांबू लावतो. हे हितून काढतो. झालं समाधान, विन्स्पेक्टर बाई?"

"झालं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी जातीनं हजर. घरून आईचे फोनवर फोन. त्या दिवशी आमच्याकडे ताईच्या लग्नाची मुहूर्तमेढ रोवायची होती. मांडवाचा पहिला खांब. त्याला आंब्याची डहाळी बांधतात, हळद-कुंकू लावतात, आणि एकदा रोवला की लग्न होऊन मांडव परतेपर्यंत त्याला हलवत नाहीत.

"मेढ रोवायचीय आनि करवली कुटंय?" आई ओरडली.

"आई, इथं माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे."

"हितं बी मान्संच हायत!" म्हणून तिनं फोन आपटला.

मी एक एक नवा बांबू वाजवून बघितला. सगळे टणटण. फुल्यांचे बांबू टेंपोत चढले. टेंपोला वळायला जागा नव्हती, तर मी स्वतः रस्त्यात उभी राहून गाड्या थांबवल्या आणि हात करून त्याला वाट मोकळी करून दिली. घमेलंवाली मावशी नव्या परांचीवरून म्हणाली, "आता जा की घरी." पण मी गिलाव्याचा पहिला हात होईपर्यंत थांबले. विजयाचा क्षण होता. असे क्षण आमच्या कामात फार येत नाहीत. घरी पोचले तेव्हा रात्र झाली होती.

ताईचं लग्न दुसऱ्याच दिवशी, घरासमोर होतं, पवनेच्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर. लोणावळ्याचं कार्यालय तिला नको होतं. तिनं आयुष्यात फार काही मागितलेलं नाही. लग्नात एकच मागितलं: डोक्यावर झुंबर. काचेचं, मोठं, दिव्यांचं. आणि माझ्याकडून एक वचन. तिच्या लग्नात पत्रकं वाटायची नाहीत, घोषणा नाहीत, वाढप्यांना पगार विचारायचा नाही.

"एक दिवस तू फक्त करवली. देवाची शपथ घे."

"मी देव मानत नाही."

"मग माझी घे."

घेतली.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं, म्हणजे संध्याकाळी. सकाळी हळद. मी नेसलेल्या साडीला शिव्या देत अंगणात आले आणि मांडव बघितला. सवयीनं खांब बघितले. सगळ्यांना गुलाबी कापड गुंडाळलेलं, पण स्टेजच्या कोपऱ्यावरचा, झुंबराचा भार घेणारा खांब तेवढा उघडा, कारण ती मुहूर्तमेढ. त्याला आंब्याची डहाळी, झेंडूची माळ, आणि डोक्याच्या उंचीवर माझी लाल फुली.

फुलीवर अक्षता चिकटवलेल्या होत्या.

"कुणी चिकटवल्या?" मी विचारलं.

"मी," आत्या म्हणाली. वडिलांची ही थोरली बहीण. घरातले सगळे विधी तिच्या हुकमावर चालतात. "बांबू उतरवला तेव्हाच त्याच्यावर कुंकवाची खूण व्हती. म्हनलं, हा देवानंच पाठवलेला. हीच मेढ करा. आनि बघ तरी, भंडारा देती ती." तिनं मेढीवर प्रेमानं थाप मारली. पेरातून पिवळसर पीठ गळलं. आत्यानं ते चिमटीत घेतलं आणि माझ्या कपाळाला लावलं.

मी कीड कपाळाला लावून मांडववाल्या भाऊंकडे गेले. ते स्वयंपाकाची पालं बांधत होते.

"भाऊ, फुली मारलेले बांबू तुम्ही माझ्याच घरी आणले?"

"तूच म्हनलीस, हितून काढा. काढलं. तितं लावू नका असं कुटं म्हनलीस?"

"चांगले कुठायत?"

"तुज्या तुंगार्लीला! उभी राहून लावून घेतलेस की. आता चांगलं तितं म्हनल्यावर हितं काय ऱ्हानार?" मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं पोरी, परांचीवर मानूस चढतो. मांडवावर कोन चढतंय? वर कापड. कापड पडून कोन मेलंय?"

"वर झुंबर आहे!"

"ते म्या न्हाई मागितलं. ते तुज्या बहिनीनं मागितलं."

म्हणजे मुंबईच्या माणसाचा बंगला मावळातल्या सगळ्यात सुरक्षित बांबूंवर उभा होता, आणि माझी बहीण संध्याकाळी मावळातल्या सगळ्यात सडक्या बांबूखाली उभी राहणार होती. व्यवस्था अशीच चालते. आमच्या पत्रकात हे वाक्य आहेच, पण ते वाचताना झुंबर डोळ्यांपुढं नसतं.

मी ताईकडे गेले. ती पाटावर हळदीनं पिवळी होऊन बसली होती आणि पुटपुटत उखाणा पाठ करत होती.

"शपथ मोडतीयस," माझा चेहरा बघूनच ती म्हणाली.

"पत्रक वाटत नाहीये. तुझ्या डोक्यावर झुंबर पडणार आहे, एवढंच सांगते." आणि फुलीपासून भंडाऱ्यापर्यंत सगळं सांगितलं.

ती खिडकीतून मांडवाकडे बघत राहिली. लहानपणी दोघींत एकच फुगा असायचा तेव्हा बघायची, तसं.

"मेढ हलणार नाही, आत्या मरंल," ती म्हणाली. "झुंबर उतरणार नाही, मी मरंन. तू शिबिर केलंयस ना? मग कर की काहीतरी. रोज दुसऱ्यांच्यासाठी करतीस."

हे शेवटचं वाक्य लागलं. लागायलाच बोलली होती.

घरात धड बांबू एकच होता: आंबे काढायची आकडी, तिच्या टोकाच्या वाकड्या खिळ्यासकट. ती मी मेढीला जोडून काथ्यानं करकचून बांधली. आत्या धावत आली, तर तिला म्हटलं, "मेढ एकटी नसावी, तिला सोबतीण पाहिजे." आत्यानं आकडीलाही हळद-कुंकू वाहिलं. पण आकडी ती आकडीच, आंब्याचा भार पेलणारी, आणि तिचा खिळा जेमतेम माणसाच्या डोक्यापर्यंत पोचलेला. निम्मं काम झालं होतं. उरलेल्या निम्म्यासाठी मी परत भाऊंकडे गेले.

"भाऊ, मागणी एकच आहे. बांबू चांगला आहे ना?"

"एक नंबर."

"मग मंगलाष्टकं संपेपर्यंत तुम्ही तो दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं. ज्याचा बांबू, त्यानंच खाली."

"आगं, लोकं काय म्हन्तील?"

"नाहीतर मी माईकवर सांगते, पाव्हण्यांना काय म्हणायचं ते."

माझ्या पिशवीत एक पिवळं हेल्मेट असतं. ते मी त्यांच्या टोपीवरून घातलं.

आमच्याकडच्या लग्नात माईकवाला म्हणजे फार कठीण प्रकार असतो. मांडवात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचं तो नाव घेऊन स्वागत करतो. स्वागत न झालेला माणूस त्याच्या डोळ्यांत खुपतो. त्यानं स्टेजकडे बघितलं. हेल्मेट घातलेला एक गृहस्थ खांबाला मिठी मारून उभा. त्यानं माईक तोंडाशी धरला.

"मुहूर्तमेढीचा मान सांभाळत असलेले आपले मांडववाले भाऊ यांचं टॉवेल-टोपी आणि श्रीफळ देऊन स्वागत होत आहे!"

वडील बिचारे उठले. त्यांनी टोपी हेल्मेटवर ठेवली, टॉवेल गळ्यात घातला, नारळ द्यायला हात मोकळा नव्हता म्हणून भाऊंच्या बगलेत कोंबला.

मग वरपक्षात कुजबुज सुरू झाली. नवऱ्या मुलाचे चुलते उठले. "मुलीकडचा मेढकरी हाय, मग आमचा मान कुटंय?" कुणी उत्तर द्यायच्या आत ते स्टेजवर चढले आणि दुसऱ्या कोपऱ्याचा खांब धरून उभे राहिले. त्याचा बांबू चांगला होता की नव्हता, मला बघायला मिळालं नव्हतं, म्हणून मी त्यांना तिथंच राहू दिलं. दोन्ही पक्षांचा मान सारखा झाल्यावर भटजींनी अंतरपाट धरला.

मी ताईच्या मागं, हातात कलश. डोळे मेढीवर. प्रत्येक अष्टकानंतर अक्षतांचा मारा होत होता, आणि नवरा-नवरीला नेम धरलेल्या निम्म्या अक्षता भाऊंच्या हेल्मेटवर ताडताड वाजत होत्या. मधेच बाहेर बँडवाल्यानं ढोल आपटून बघितला आणि मेढ बोलली.

कर्रर्र.

फार मोठ्यानं नाही. मी ऐकलं, ताईनं ऐकलं, भाऊंनी तर पोटानं ऐकलं. हेल्मेटवर पीठ सांडलं. भाऊंनी डोळे मिटले, खांबाला गाल लावला आणि भटजींच्या वरताण ओरडले, "सावधाऽऽन!" हा शब्द लग्नात मी शेकडो वेळा ऐकलाय. इतक्या मनापासून म्हटलेला तेव्हाच ऐकला.

हार पडले, बँड सुरू झाला. भाऊंनी एक डोळा उघडला. "सोडू?"

"आता फोटो," मी म्हणाले. हे माझ्याही हिशेबात नव्हतं. आहेर घेऊन स्टेजकडे रांग लागली होती, ती पार गोठ्यापर्यंत.

तेव्हा ताईनं मुंडावळ्या बाजूला करून मागं बघितलं. आधी मेढीकडे, मग झुंबराकडे. दिवे लागले होते. खरंच छान दिसत होतं ते, मीच सांगते.

"एक फोटो," ती म्हणाली. "एकच. मग उतरवा."

फोटोवाल्यानं एकच काढला. त्यात ताई हसतेय, दाजी घाबरलेत, वर झुंबर झगमगतंय आणि मागं टोपी, हेल्मेट, टॉवेल, नारळ अशा सगळ्या सन्मानांसकट भाऊ मेढीला बिलगलेत. दुसऱ्या बाजूला चुलते कॅमेऱ्याकडे बघून ऐटीत उभे.

"उतरवा रं ते झुंबार!" भाऊच ओरडले. "माज्याच्यानं व्हईना आता." पोरं शिडी घेऊन धावली. झुंबर खाली आलं, ताईनं ते आपल्या खुर्चीशेजारच्या टेबलावर ठेवून घेतलं आणि उरलेले सगळे फोटो त्याच्या बाजूला बसून काढले. गडबडीत चुलते भाऊंचं अभिनंदन करायला मेढीजवळ गेले, तर आकडीच्या खिळ्यानं त्यांचा फेटा अलगद वर उचलून धरला. ती तेवढी दुर्घटना. त्यांनी फेटा सोडवून परत बांधून घेतला आणि हाही इकडचा एखादा विधी असेल असं धरून चालले.

पुढच्या आठवड्यात पलीकडच्या वाडीतल्या लग्नात कुणीतरी विचारलं म्हणे, तुमच्यात मेढ धरायला कोण आहे?

मांडव परतेपर्यंत आत्यानं मला मेढीजवळ फिरकू दिलं नाही. परतल्यावर मी करवत घेऊन बसले आणि मेढीचे तुकडे केले. भाऊ बांबू न्यायला टेंपो घेऊन आले होते. तुकड्यांकडे बघत उभे राहिले.

"ह्ये काय केलंस?"

"कापला. तुमच्या बांबूवर नुसती फुली मारून चालत नाही."

मला वाटलं, आता आज्यापासून सुरुवात होणार. ते टेंपोकडे गेले. फुली असलेले बाकीचे बांबू एकेक ओढून काढले आणि माझ्यापुढं टाकले.

"ह्ये बी काप. न्हाईतर कुटंतरी लावीन मी. माजा सोभाव तसला हाय."

तेव्हापासून पिशवीत ब्रश नाही, करवत असते. तुकडे पाणी तापवायच्या बंबात गेले. एक सोडून. फुलीचा तुकडा आत्यानं अक्षतांसकट उचलला आणि देव्हाऱ्यात ठेवला. मी सकाळी लोणावळ्याला निघाले की ती आडवी येते.

"परांच्या बघाया चाललीस? मग आदी हिला नमस्कार कर."

करते. आत कीड असेल म्हणून जरा लांबूनच.