समोरचीच्या घरी आई

समोरचीला स्वतःची गेलेली माणसं पुरत नसत, दुसऱ्यांचीही हवी असत. इथे आखातात, अल खौदच्या आमच्या इमारतीत, ती आमच्या समोरच्या दारात राहायला आली, तेव्हा पहिल्याच भेटीत तिनं मला विचारलं, "तुमच्याकडचं कोण गेलंय? त्यांना खायला काय आवडायचं?" ती मेक्सिकोची, नवरा विद्यापीठात शिकवायचा. माझी आई तिला 'समोरची' म्हणायची, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो.

बाबा गेल्यावर आई वर्षभर माझ्याकडे राहिली. मी ऑफिसला गेले की समोरची तिला आपल्याकडे घेऊन जायची. समोरचीला बाजारात शिकलेली मोडकी हिंदी यायची, आईची हिंदी त्याहून मोडकी. तरी दोघींचं हसणं मला जिन्यातच ऐकू यायचं. घरी आल्यावर मी विचारायचे, "एवढं काय बोलत होतात?" आई म्हणायची, "काही नाही गं, असंच." गोळ्या मी देत होते, डॉक्टरकडे मी नेत होते, साखरही मीच बंद केली होती. हसायला मात्र ती समोर जायची. मी जळायचे, आणि हे कुणाला सांगायचीही लाज वाटायची.

आई पुण्याला परतली आणि चार महिन्यांत गेली. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्या नोव्हेंबरात समोरचीनं नेहमीसारखा गेलेल्यांचा सण मांडला. गेलेली माणसं त्या रात्रीपुरती घरी येतात, असं ती मानायची. भिंतीशी पायऱ्या, त्यावर फोटो, मेणबत्त्या, ज्याच्या-त्याच्या आवडीचं खाणं. दिवाळीसाठी रुवीच्या बाजारात येणारा झेंडू ती पोतंभर उचलून आणायची. सगळी इमारत जमली होती. वसईच्या रोझीताई मला म्हणाल्या, "आमच्यात आज कबरीवर मेणबत्त्या लावून रडतात. हिनं बघ, गाणी लावलीयत!"

मधल्या पायरीवर माझी आई होती. मतरहच्या समुद्राकाठी, साडी वर खोचलेली, चपला हातात, तोंडभर हसणारी. ती समुद्रावर गेली होती, हेच मला ठाऊक नव्हतं. फोटोपुढे इथला करक चहा, दाट दुधाचा नि गोड, आणि चिप्स घालून गुंडाळलेला पराठा.

"आई चहात साखर घेत नव्हती," मी म्हणाले.

"घ्यायची," समोरची हळूच म्हणाली. "दर गुरुवारी दोन कप. तुला सांगू नको म्हणायची."

मी तशीच उठून घरी आले. आई गेल्यापासून न आलेलं रडू त्या संध्याकाळी आलं, पण त्यात दुःख किती आणि मत्सर किती, ते मला आजही सांगता येणार नाही. पुढे कितीतरी दिवस मी तिचं दार टाळलं.

उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. निघायच्या दिवशी ती तो फोटो घेऊन दारात उभी राहिली. जागच्या जागी छापून देणाऱ्या कॅमेऱ्याचा होता, दुसरी प्रत नव्हती. "घे," ती म्हणाली, "आई तुझी आहे." मी घेतला. मोबाइलवर एक काढून घे, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.

यंदा नोव्हेंबरात तिनं मेक्सिकोहून आपल्या घरच्या मांडणीचा फोटो पाठवला. तिच्या आजी-आजोबांच्या शेजारी एक रिकामी चौकट होती. मी विचारलं, "ही कुणाची?"

"तुझ्या आईची. तू पाठवशील तेव्हा."

 तासाभरानं मी आईचा फोटो मोबाइलवर काढून पाठवला. लगेच उत्तर आलं, "आली! दमलीय, पण हसतेय."

आणि मी पुन्हा जळले.